पडवीतल्या खिळ्यापासून वाडीतल्या तारेपर्यंत: वाघोटन खाडीकाठचं एक प्रकरण

आमच्या घराच्या पडवीत पूर्वेकडच्या खांबाला एक खिळा आहे. कितीतरी वर्षं त्या खिळ्याला कापडी पिशवी लटकत असे आणि पिशवीत आईचा फोन. घरात दुसरीकडे कुठेही रेंज नाही. त्या खांबापाशी, आणि तीसुद्धा बरोबर खिळ्याच्या उंचीवर, दोन काड्या यायच्या. फोन वाजला की आई चुलीपुढून उठून यायची, पिशवीतून फोन न काढताच बटण दाबायची आणि पिशवीकडे तोंड करून बोलायची. "आवाज येता मां रे?" हे पहिलं वाक्य. फोन हातात घेऊन खाटेवर बसावं म्हटलं तर बोलणं तुटायचं.

मी मुंबईत मोबाईल नेटवर्कच्या आखणीचं काम करतो. टॉवर कुठे बसवायचा, अँटेना किती अंशांनी खाली झुकवायचा, कुठल्या भागाला किती क्षमता द्यायची, हा माझा रोजचा हिशेब. तरीही माझ्याच घरात खिळा होता. हे प्रकरण त्या खिळ्याचं आणि देवगड तालुक्यातल्या आमच्या एकतीस घरांच्या वाडीचं आहे. देशात ब्रॉडबँड वाढतोय असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय वाढतं आणि काय जागच्या जागी राहतं, हे मला इथे जितकं स्पष्ट दिसलं तितकं ऑफिसातल्या कुठल्याच तक्त्यात दिसलं नाही.

जागा

आमचं गाव अकरा वाड्यांचं. वर जांभ्याचा सपाट सडा, सड्याच्या कडेवरून उतरलं की आंबा-काजूची कलमं, त्याखाली घरं, माड, आणि शेवटी वाघोटन खाडी. खाडी इथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे रत्नागिरीचा राजापूर तालुका. शाळा, ग्रामपंचायत, रेशनचं दुकान आणि टॉवर हे सगळं सड्यावर, रस्त्यालगत. आमची वाडी सड्याच्या कड्याखाली.

रेडिओ लहरींना कड्याखाली उतरणं जमत नाही. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी कडेवरून थोड्या वळतात, जास्त फ्रिक्वेन्सीच्या सरळ डोक्यावरून निघून जातात. सड्यावरच्या टॉवरवर आधी टूजी होतं, ९०० मेगाहर्ट्झवर. तेव्हा वाडीत जेमतेम का होईना, आवाज उतरायचा. पुढे त्याच टॉवरवर फोरजी आलं ते १८०० आणि २३०० वर. कागदावर गाव सुधारलं. आमच्या वाडीत मात्र इंटरनेट आलंच नाही, आणि फोरजीवर चालणाऱ्या नव्या फोनवरून साधं बोलणंही पूर्वीपेक्षा अवघड झालं. नवं तंत्रज्ञान आलं की रेंज वाढलीच पाहिजे असं लोक धरून चालतात. कड्याखाली राहणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा उलट घडतं, आणि त्यांना कुणी कारण सांगत नाही.

मग खिळ्यापाशी ज्या दोन काड्या यायच्या त्या कुठल्या? त्या आमच्या टॉवरच्या नव्हत्याच. खाडीपलीकडच्या, राजापूर बाजूच्या सड्यावरच्या टॉवरच्या होत्या. मध्ये पाणी, अडथळा काही नाही, म्हणून लहर सरळ येऊन पडवीच्या त्या खांबाला भिडायची. टॉवरचा आवाज मोठा असतो, तो इथवर ऐकू येतो. हातातल्या फोनची ताकद मात्र तेवढी नसते, त्याचा आवाज पलीकडे पोचता पोचता विरतो. म्हणून काड्या दिसायच्या आणि फोन लागायचा नाही. "रेंज आसा पण लागना नाय," ही वाडीची कायमची तक्रार तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक होती.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. सड्यावरच्या टॉवरपर्यंत तेव्हा फायबर आलेली नव्हती. तो पुढच्या टॉवरशी मायक्रोवेव्हच्या ताशाने, म्हणजे ताशासारख्या दिसणाऱ्या गोल अँटेनाने, जोडलेला होता. त्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या असल्या की मुसळधार पाऊस त्या शोषून घेतो. यंत्र आपणहून वेग कमी करून जोडणी टिकवतं, पण मग सगळ्या गावाला मिळून जेमतेम थेंबभर इंटरनेट उरतं. सड्यावर उभं राहूनही चार काड्या आणि फिरणारं चाक. आषाढात कलमांची ओली पानं स्वतःच एक भिंत होतात, ते वेगळंच.

आकड्यांत आमची वाडी

ट्राय, म्हणजे देशाचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, दर महिन्याला ग्राहकसंख्या जाहीर करते. मार्च २०१४ मध्ये देशात ब्रॉडबँडच्या जोडण्या सुमारे ६.१ कोटी होत्या, मार्च २०२४ मध्ये त्या ९२.४ कोटींवर गेल्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटाचा भाव कोसळला. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडायचे. दशकभरात हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. एवढी मोठी वाढ इतक्या कमी काळात फार थोड्या देशांनी पाहिली असेल, आणि तिचं मोल मी कमी लेखत नाही.

पण त्या ९२ कोटींत तारेवरचा ब्रॉडबँड फक्त चार कोटींच्या आसपास. बाकी सगळा हातातल्या फोनवरचा. म्हणजे आपली वाढ जवळजवळ पूर्णपणे हवेतून झाली. हवेतून होणारी वाढ सपाट प्रदेशात एका टॉवरमागे दहा गावं उजळते. कोकणात एका टॉवरमागे एका गावातल्या अर्ध्या वाड्या उजळतात.

शिवाय मोजणी सर्कलप्रमाणे, म्हणजे दूरसंचारासाठी पाडलेल्या विभागांप्रमाणे, होते. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण मिळून मुंबई हे वेगळं सर्कल. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्र सर्कलमध्ये, पुणे, नागपूर आणि चक्क गोव्यासह. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक माणसांची सिमकार्डं मुंबईत घेतलेली. त्यांची गणती मुंबईत. गणपतीला ती सगळी माणसं आपापले फोन घेऊन गावात येतात, दहा दिवस सड्यावरच्या एकाच टॉवरवर लोटतात आणि परत जातात. सर्कलच्या ग्राहकसंख्येत ही भरती-ओहोटी कुठेच उमटत नाही.

एकक कुठलं धरायचं, हा मला इथे सर्वांत कळीचा प्रश्न वाटतो. भारतनेट, म्हणजे गावोगाव फायबर नेण्याची सरकारी योजना, २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झालं तेव्हा एकक होतं ग्रामपंचायत. देशभरातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार न्यायची. घाटावर ग्रामपंचायतीचं ऑफिस म्हणजे गावाचा मध्य, तिथून हाकेवर सगळी घरं. आमच्याकडे ते ऑफिस वाडीपासून अडीच किलोमीटर आणि एक कडा दूर. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटचा १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यात ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडण्याची तरतूद आली. हे चांगलंच झालं. पण तिथेही एकक गाव आहे. कोकणात माणूस वाडीत राहतो.

२०२० आणि २०२१

लॉकडाऊनमध्ये चाकरमानी गावी आले, शाळा फोनवर गेली. वाडीतली सात मुलं सकाळी कड्याची पायवाट चढून सड्यावर जायची. जून लागल्यावर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन. सिंधुदुर्गातच एका मुलीने डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी तेव्हा देशभर गेली. लोकांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. मला ते कौतुक वाचताना वाईट वाटायचं. कारण आमच्या सात मुलांपैकी दोघांनी त्या वर्षी शाळा सोडल्यात जमा केली होती, आणि त्यांची बातमी होणार नव्हती.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर चढलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातली वीज आणि फोन कित्येक दिवस बंद. आम्ही तेव्हा वाचलो. पुढच्या मे महिन्यात तौक्तेने आम्हालाही सोडलं नाही. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या, रस्त्यावर झाडं पडलेली म्हणून जनरेटरचं डिझेल पोचेना. मी तेव्हा मुंबईत होतो आणि घरी आई एकटी. पाचव्या दिवशी शेजारच्या दादांनी तळेऱ्याला जाऊन तिथून फोन केला, तेव्हा ती सुखरूप असल्याचं कळलं.

टॉवर का आला नाही

वाडीने आधी टॉवरच मागितला. अर्ज झाले, सह्या झाल्या, एका खासगी कंपनीचा माणूस येऊन खाडीकाठची जागाही पाहून गेला. पुढे काही नाही. वाडीला तो अन्याय वाटला. मला त्यामागचा हिशेब माहीत होता, कारण असे हिशेब मीही केले आहेत. एकतीस घरं, त्यांतली बारमाही उघडी तेरा. त्या तेरा घरांत बहुतेक म्हातारी माणसं, महिन्याला कमीत कमी रिचार्ज करणारी. गणपती, मे महिना आणि शिमगा सोडला तर टॉवर जवळजवळ रिकामा, आणि विजेचं बिल, भाडं, डिझेल बारा महिने. कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात ही जागा तळाला जाणार.

पण तोच हिशेब तारेला लावून पाहिला तेव्हा मला त्यात दुसरं काही दिसलं. टॉवरच्या दृष्टीने बंद घर म्हणजे शून्य. तारेच्या दृष्टीने बंद घराचा मालक बोरिवलीत किंवा डोंबिवलीत कमावतो आहे, त्याला घराची काळजी आहे, दाराशी कॅमेरा लावायचा आहे, गणपतीत मुलांना इंटरनेट हवं आहे, आणि आता घरून काम करायची सवय लागल्यामुळे इंटरनेट असेल तर तो मे महिन्यात चार दिवसांऐवजी तीन आठवडे राहू शकतो. उघड्या घरातल्या म्हाताऱ्यांचंही तेच: वापरणारे इथे, पैसे देणारे मुंबईत. वाडीची मागणी वाडीत मोजून कळणारच नव्हती.

तळेरे-विजयदुर्ग रस्त्याच्या कडेने एका केबलवाल्याची फायबर सड्यापर्यंत आली होती. पूर्वी डिशच्या आधीच्या काळात केबल टीव्हीचा धंदा होता, तो बसल्यावर त्याने इंटरनेट धरलं. तालुक्यातलाच माणूस, सगळे त्याला भाऊ म्हणतात. मी त्याला अंतर सांगायला लागलो, दीड किलोमीटरला थोडं कमी. त्याने मध्येच थांबवलं. "मीटराचो हिशेब माका नको. घरां किती देतास ता सांगा." वीस घरं, प्रत्येकी वर्षाचे पैसे आगाऊ, ही त्याची अट.

२०२१ च्या गणपतीत, विसर्जनाच्या आदल्या रात्री मंदिरात बैठक झाली. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी काका वही घेऊन बसले. अकरा वाजेपर्यंत चौदा नावं. काही जणांचं म्हणणं, फुकट टॉवर येणार असताना पैसे कशाला. काहींची भावकीतली जुनी दुखणी. अमक्याच्या आंगणातून केबल जाणार असेल तर माझं नाव काढा. एक आजोबा उठले आणि म्हणाले, तौक्तेत माझी बायको आजारी होती, मला मुलाला कळवता आलं नाही. एवढंच बोलून ते खाली बसले. बाराला वहीत तेवीस नावं होती. त्यांतली बरीच बंद घरांची.

तार

विजेच्या खांबांवर परवानगीशिवाय काही टाकायचं नाही आणि माडाला केबल बांधायची नाही, हे दोन नियम सुरुवातीलाच ठरले. माड डोलतो आणि चुडतं टाकतो. जांभ्यात भोकं मारून, सिमेंट ओतून, चाळीस-चाळीस मीटरवर लोखंडी पाईप उभे केले. पस्तीस खांब. खड्डे वाडीने श्रमदानाने काढले, त्यामुळे भाऊचा खर्च बराच वाचला. पायवाट जिथे कड्यावरून खाली वळते तिथला खांब उभा करायला दोन दिवस लागले.

पहिल्या घरात यंत्र लागलं ते दिवाळीनंतर. भाऊच्या पोराने पडवीत मांडी घालून, केसाएवढी काचेची तार सोलून, स्प्लायसिंग मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन टोकं एकमेकांसमोर आणली. पडद्यावर ती दोन जाड पांढऱ्या काठ्यांसारखी दिसत होती. एक ठिणगी, आणि जोड दिसेनासा. मग तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावला: उणे २१ डीबीएम. उणे २७ च्या खाली गेलं की यंत्रावर लाल दिवा लागतो, म्हणजे आम्हाला हाताशी भरपूर जागा होती. आई हे सगळं वाकून बघत होती. आमच्याकडे पूर्वी तांब्याच्या तारेचा फोन होता. वळवाची वीज चमकली की ती धावत जाऊन त्याची पिन काढायची, कारण दोन फोन तिच्यादेखत जळले होते. तिचा पहिला प्रश्न तोच, वीज पडली तर? काचेतून वीज वाहत नाही हे तिला पटायला एक पावसाळा गेला. अडॅप्टरची पिन मात्र ती अजून काढते, आणि ते बरोबरच आहे.

पहिल्या वर्षी तार सात वेळा तुटली. दोनदा वानरांनी झोके घेतले. एकदा चुडत पडलं. एकदा मार्चमध्ये भाजावळीची आग वाऱ्याने सड्यावर पसरली आणि खांबाच्या पायथ्याशी गुंडाळून ठेवलेली जादा केबल वितळली. उरलेल्या तीन वेळा वाडीचा दोषच नव्हता. रस्त्याच्या कामात जेसीबीने मुख्य फायबरच तोडली. वानरांच्या जागी भाऊने लोखंडी तार असलेली जाड केबल टाकली, जादा केबल खांबाच्या डोक्याशी नेली, भाजावळीआधी खांबांभोवतीचं गवत कापायचं काम वाडीने अंगावर घेतलं. जेसीबीवर मात्र उपाय नाही. मुख्य फायबर एकाच बाजूने येते. ती गोलाकार असती, दोन्ही बाजूंनी पोचणारी, तर एका ठिकाणी तुटून भागलं असतं. सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायती अशाच वर्तुळात जोडायच्या आहेत. त्याचा फायदा आमच्यासारख्या भागात शहरापेक्षा कैक पटींनी जास्त होईल, कारण इथे तुटणं रोजचं आहे.

विजेचं दुखणं सोपं निघालं. यंत्राला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की चार तास निघतात. भाऊकडचं यंत्र बॅटरीवर टिकलं तर सड्यावरचा टॉवर बंद पडला तरी वाडीत इंटरनेट चालू. २०२२ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा असं झालं, की सड्यावरची माणसं फोन करायला खाली आमच्या वाडीत आली.

सिमकार्डांचं काय झालं

वाडीला खरं वळण तारेवरच्या इंटरनेटने लागलं नाही, वाय-फाय कॉलिंगने लागलं. तोवर खासगी कंपन्यांनी ही सोय आपल्या ग्राहकांना दिलेली होती. नंबर तोच, सिम तेच, फक्त हाक टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून जाते. त्यासाठी आईचा बटणांचा फोन बदलावा लागला. त्यानंतर ती पहिल्यांदा चुलीपाशी बसून माझ्याशी बोलली. मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत तो आवाज मी फोनवर ऐकलाच नव्हता.

मग लोकांनी आपणहून हिशेब सुरू केला. पूर्वी प्रत्येक घरात दोन-तीन कंपन्यांची सिमं होती, कारण एक इकडे लागायचं, दुसरं तिकडे. तीन सिमं ही श्रीमंती नव्हती. एकही धड लागत नव्हतं म्हणून ती होती. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जादा सिमं रिचार्जविना पडली. देशभरही तेच झालं. त्यानंतरच्या काही महिन्यांत वायरलेस ग्राहकांचा एकूण आकडा खाली आला. त्याच डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवायला सांगितलं, ते आमच्यासारख्या घरांना नेमके उपयोगाचे: घरात वाय-फाय, सिम फक्त नंबरापुरतं.

म्हणजे ग्राहकसंख्येच्या तक्त्यात आमची वाडी या काळात घटलेली दिसेल. सिमं कमी, मोबाईल डेटा कमी. प्रत्यक्षात २०२१ ते २०२४ एवढी वाढ वाडीने कधीच पाहिली नव्हती. हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डर आता मुलं सड्यावर न जाता घेतात, पैसे जागेवर यूपीआयने येतात, दोन घरं मे महिना संपल्यावरही उघडी राहायला लागली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून कंपन्यांना आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर ठेवणं बंधनकारक झालं. त्या नकाशात आमच्या गावावर रंग आहे. कडा त्या नकाशात दिसत नाही.

फाईव्हजीचं विचाराल तर सड्यावर ते आलं आहे, आणि छतावर डबा बसवून मिळणारं हवेतलं ब्रॉडबँडही. कड्याच्या अगदी काठावरच्या दोन घरांनी ते घेतलं, त्यांना टॉवर समोर दिसतो, ती खूश आहेत. तिसऱ्या घरापासून खाली काही नाही. सड्यावरच्या वाड्यांसाठी मी स्वतः तेच सुचवेन. खांब नकोत, वानरं नकोत. खालच्यांना तार लागेल.

बंदरावरची चार घरं

वहीतल्या तेवीस नावांत बंदरावरची चार घरं नव्हती. मासेमारी करणारी माणसं. त्यांचं कुणी मुंबईत नाही, वर्षाचे पैसे एकदम देणारं कुणी नाही. आमची सगळी योजना चाकरमान्यांच्या पैशावर उभी होती, त्यामुळे ज्यांना चाकरमानी नाही ते बाहेर राहिले. बैठकीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि ही माझी चूक आहे. खरं तर ज्यांचा माणूस पहाटे खाडीच्या मुखाबाहेर जातो आणि वारा फिरला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, त्या घरांना फोन सर्वांत आधी हवा होता.

शेवटचा खांब आमच्या आंगणाच्या गडग्यापाशी आहे. तिथून बंदरावरचं पहिलं घर १६० मीटर, मी टेपने मोजलं आहे. चार खांब. चौथा भरतीच्या पाण्यात येतो, म्हणून तो घराच्याच भिंतीला घ्यावा लागेल. मंडळाने खांबांचे पैसे द्यायचे, भाऊने या चार घरांकडून महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे, असं बोलणं झालं आहे. भाऊ आधी तयार नव्हता. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा पैसे येणार नाहीत, हे त्याचं म्हणणं खरं आहे. शेवटी ते दोन महिने मंडळाने भरायचे ठरले. पाईप आमच्या पडवीत येऊन पडले आहेत, खिळ्याच्या खांबाला टेकवून. पाऊस उघडला की भोकं मारायला सुरुवात.